हिरवेबाबांचं विसर्जन

हल्ली सतरा मार्च उजाडला की मोबाईलवर कुणी ना कुणी हिरवी टोपी घातलेल्या बुटक्याचं चित्र पाठवतं. पाठवणाऱ्याला आयर्लंड नकाशात दाखवता येत नाही, सेंट पॅट्रिक कोण हे माहीत नाही, पण शुभेच्छा द्यायच्या असतात. मी उत्तर देत नाही. आमच्या घरात हा सण लहानपणापासून पाळला गेला आहे, तोही कोल्हापुरी पद्धतीनं, आणि त्याच्या चिमट्यांचे डाग मी अंगावर वागवलेत.

चिमट्यांचं असं होतं, की त्या दिवशी ज्यानं हिरवं घातलं नसेल त्याला चिमटा काढायचा, अशी तिकडची पोरांची रीत. खरं तर हा अधिकार काकूचा. पण पहिल्याच वर्षी तो आत्यानं स्वतःकडे घेतला. आत्याचा चिमटा म्हणजे आठवडाभर निळा डाग. त्यामुळं मार्चमध्ये आम्हा भावंडांना वार्षिक परीक्षेपेक्षा हिरव्या कपड्यांची धास्ती जास्त. काहीच नाही मिळालं तर रंगपंचमीचा उरलेला रंग होताच. एका वर्षी माझा भाऊ दोन्ही कान हिरवे करून गणिताच्या पेपरला गेला. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "आमच्या काकूचा सण हाय." बाई काकूला ओळखत होत्या, म्हणून त्यांनी सरळ पेपर हातात दिला.

काकूला न ओळखणारा माणूस आमच्या भागात नव्हताच. माझा काका दुधाच्या यंत्रांचं काम शिकायला आयर्लंडला गेला आणि दोन वर्षांनी तिथल्या एका गाईवाल्या शेतकऱ्याची मुलगी लग्न करून घेऊन आला. तांबडे केस, तोंडभर ठिपके, उन्हात गेली की टोमॅटो. घरात आधी रडारड झाली म्हणे. पण आमच्याकडची कुठलीही रडारड धारेच्या वेळेपर्यंतच टिकते, कारण म्हशी थांबत नाहीत. संध्याकाळी ही नवी सून न सांगता गोठ्यात गेली, सगळ्यांत द्वाड म्हशीखाली बसली आणि बादली भरून बाहेर आली. आत्या म्हणाली, "दिसाय कशी का असंना, हाताला वळण हाय." एवढ्यावर लग्न मान्य झालं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं सासरी धड झालं नाही, तेव्हा आजोबा बैलगाडी घेऊन तिला आणायला गेले आणि ती कायमची माहेरी आली. तेव्हापासून घरात तिचा शब्द शेवटचा. बऱ्याच वेळा पहिलाही तिचाच असायचा. काकूला मराठी तिनंच शिकवली, थोडीफार म्हशींनी. त्यामुळं काकूचं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "सर की गं बाजूला." ते तिनं पुढं पाहुण्यांनाही वापरलं. पुण्याहून आलेल्या आमच्या एका नातेवाइकांनी तिला फार सावकाश आणि फार शुद्ध मराठीत विचारलं, "आपल्याला इथले हवामान मानवते का?" काकू म्हणाली, "व्हय की, न मानवाय काय झालंय?" ते गृहस्थ पुढचं सगळं काकाशी इंग्रजीत बोलले.

तर सण. काकूला स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून सणाचा सगळा मारा आमच्यावर. सकाळी ती आमच्या छातीवर टाचणीनं तीन पानांची एक डहाळी लावायची. तिकडं त्यासाठी एक खास गवत असतं. इथं ते कुठलं मिळायला? तिनं म्हशींसाठी लावलेला लसूणघास शोधून काढला. त्याचीही पानं तीन-तीन. त्या सेंट पॅट्रिकनं म्हणे असंच एक पान दाखवून लोकांना समजावलं, की देव तीन असून एकच आहे. आत्याला हे एकदम पटलं. तीन पानं म्हटल्यावर तिला बेल आठवला, आणि बेल म्हणजे महादेव. "म्हंजे आपल्यातलाच हाय की ह्यो," ती म्हणाली, आणि लसूणघासाशेजारी बेलाचं पान लावायला लागली. शाळेत निघताना आम्ही चारा बांधलेल्या करडांसारखे दिसायचो.

मग ताक आणि सोडा घालून मळलेला एक पाव व्हायचा. तो गल्लीच्या तोंडावरच्या बेकरीत भाजून आणावा लागे. बाहेर यायचा तो विटेसारखा. वडील दरवर्षी हातात घेऊन विचारायचे, "ह्यो खायाचा का बांधकामाला ठेवायचा?" आणि दरवर्षी मटणाच्या रश्श्यात बुडवून अर्धा एकटेच संपवायचे. त्या दिवसापुरता आई तांबड्या-पांढऱ्याच्या जोडीला कोथिंबिरीचा हिरवा रस्सा करी. तिकडं त्या दिवशी लोक काळी बिअर पितात असं काकानं कधीतरी सांगितलं होतं. आमच्या घरात ते चालत नव्हतं. फक्त जेवणाआधी काका आणि वडील "टाकीत पाणी किती हाय बघून येतो" म्हणून गच्चीवर जायचे आणि टाकीच्या मानानं फार वेळ थांबायचे.

एकाच गोष्टीवर आत्याचं त्या संताशी पटलं नाही. त्यानं आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले, अशी त्याची कीर्ती. आत्या म्हणाली, "हाकलून काय मोठं केलं? आमी त्यास्नी दूध-लाह्या घालतोय." काकानं सांगून बघितलं, की तिथल्या थंडीत साप मुळात नव्हतेच. "मग न्हवतं त्ये कसं हाकललं?" आत्यानं विचारलं, आणि काका धारेची बादली घेऊन गोठ्याकडं निघाला.

हे सगळं हसण्यावारी चालायचं, पण त्या दिवशी काकूचा एक कान सतत फोनकडं असे. दर सतरा मार्चला तिची आई फोन करायची. तिचे वडील त्याच खोलीत असत म्हणे, पण फोन घेत नसत. लग्नाच्या वेळी त्यांनी सांगितलं होतं, की एवढ्या लांब जाणार असशील तर हे घर आपलं समजू नकोस. म्हातारा शब्दाचा पक्का निघाला. त्यामुळं काकूला माहेर नव्हतं. माझी आई दिवाळीनंतर कुरुंदवाडला माहेरी जायची ती काकूलाही बरोबर न्यायची, आणि माझे मामा दोघींना साडी घ्यायचे. काकू तिथं खूश असायची. पण दुसऱ्याच्या माहेरी बाई पाय पसरून झोपत नाही, उगाच भांडी घासायला उठते. काकू उठायची.

मग एका पावसाळ्यात तिची आई गेली. तिकीट मिळेपर्यंत तिकडं सगळं आटोपलं होतं, आणि आता येऊन काय करणार, असा तिच्या वडिलांचा निरोप आला. पुढच्या सतरा मार्चला फोन वाजला नाही. काकूनं पाव केला, आम्हाला पानं लावली, आणि दुपारी गोठ्यात म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. मी वैरणीच्या ढिगाआडून बघत होते. मला तिची फार दया आली आणि जवळ जावंसं वाटलं, पण मोठ्या माणसाला रडताना धरायचं कुठं, हे त्या वयात कळत नाही.

त्यानंतरच्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या भावाचा फोन आला. वडील कोल्हापूरला येतायत. का, ते सांगत नाहीत. तिकीट त्यांनी स्वतःच काढलंय, आणि सणाला ते इथंच असणार आहेत.

काकू त्या दिवसापासून थाऱ्यावर नव्हती. चुलीपुढं आईला म्हणाली, "अक्का, ह्या खेपंला त्यो माज्याशी बोलला न्हाई, तर संपलंच बघा." आईनं तिच्या हातातली उलटी धरलेली पळी काढून घेतली.

आता पाहुण्याला खूश करायचं म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस विचार करत नाही, थेट कामाला लागतो. काकूला न कळवता आत्यानं ठरवलं, की एवढा मोठा सण आणि देवाची मूर्ती नाही, हे पाव्हण्यापुढं बरं दिसणार नाही. काकूच्या पेटीत त्या संताचं एक रंगीत चित्र होतं. ते घेऊन आत्या आणि माझे वडील कुंभार गल्लीत गेले. मार्च महिना, गणपतीची कामं लांब, मूर्तिकार रिकामाच होता. त्यानं चित्र नीट बघितलं. हिरवा झगा, पांढरी दाढी, उंच टोपी, हातात काठी, पायाशी साप. तो म्हणाला, उभी मूर्ती शाडूत टिकणार नाही, बसलेल्या साधूचा साचा तयार आहे, त्यात बसवतो. आणि सापाचं काय करायचं? चित्रातल्या संताचा पाय सापावर होता. आत्या म्हणाली, नागाला पाय लावलेला देव आमच्या घरात चालायचा नाही. मूर्तिकारालाही ते पटलं. "मग डोक्यावर घेऊ की. फणा. सावली बी हुती, शोभा बी हुती."

पाव्हणा आला तेव्हा सगळी गल्ली दारात उभी. उंच, वाकलेला, सपाट टोपी घातलेला म्हातारा गाडीतून उतरला. आत्यानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, माझ्या वडिलांनी त्याची टोपी काढून हिरवा फेटा बांधला, माझ्या भावानं फटाका लावला. म्हातारा हे सगळं दाताच्या डॉक्टरकडं बसावं तसं सहन करत होता. मग काकू पुढं झाली. तिनं दोन्ही हात थोडे उचलले, आणि त्यानं तिच्याशी हात मिळवला. पोटच्या पोरीशी हात मिळवणारा बाप आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितला.

पुढचे दिवस तो टोस्ट, उकडलेली अंडी आणि हवामानाबद्दल दोन शब्द यांच्यावर राहिला. बोलायचा तो फक्त माझ्या वडिलांशी, तेही गोठ्यात. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी, पण दोघांनाही दुधातली फॅट कळत होती. वडील दर वेळी 'व्हय' म्हणायचे, तो मान डोलवायचा. म्हशीच्या दुधाची फॅट वडिलांनी बोटांवर दाखवली तेव्हा त्याचा विश्वास बसेना. त्याला डेअरीत नेऊन मशीनवर दाखवावी लागली. तिथून परतताना म्हातारा म्हशींकडं जरा आदरानं बघत होता. काकूकडं मात्र अजून चोरूनच. ती समोर आली की चहाच्या कपात डोकं घालायचा. काकू रोज रात्री आईला एवढंच सांगायची, "आज बी न्हाई."

सतरा तारखेला सकाळी काकू पाव घेऊन बेकरीतून परत येईपर्यंत आत्यानं सोप्यात पाट मांडला, मूर्ती ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि 'हिरवेबाबा' असं नाव देऊन आम्हा पोरांकडून आरतीही म्हणवून घेतली. काकू दारात आली आणि थांबली. पाटावर दाढीवाला आयरिश संत मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर पाच फण्यांचा नाग डोलत होता.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्ये काय केलासा?"

आत्या खुशीत होती. "बग की, कसं तेज आलंय."

"अवो, ह्येनं साप घालवलं. त्योच साप डोस्क्यावर? माजा बा काय म्हणंल?"

तिनं मूर्ती उचलायला हात घातला, तर आत्यानं तो धरला. अक्षता पडल्या, म्हणजे तो आता देव झाला. त्याला कपाटात टाकता येत नाही, परतही देता येत नाही. एकदा बसवलेला देव घराबाहेर जातो तो फक्त विसर्जनानं. हा वाद चालू असतानाच म्हातारा आतून आला.

तो मूर्तीपुढं जाऊन उभा राहिला. त्यानं फण्याकडं बोट करून काकूला काहीतरी विचारलं. काकूनं लालबुंद होऊन उत्तर दिलं. तो वळला आणि गोठ्यात निघून गेला. काकू पावाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती आत्याला उलट बोलली, "मला इचाराय काय झालंतं तुमास्नी?" आत्यानं पदर खोचला आणि सांगितलं, की देव पाच दिवस ठेवायचा बेत रद्द, आजच पोचवायचा.

कळंब्याच्या तलावात मूर्ती सोडू देत नाहीत, म्हणून आमच्या मळ्यातल्या विहिरीवर जायचं ठरलं. हलगीवाला आधीच सांगून ठेवलेला होता आणि पैसे घेतल्यावर हलगीवाला हळू वाजवत नाही. आवाज ऐकून म्हातारा गोठ्यातून बाहेर आला. काकू त्याला म्हणाली, नाही आलात तरी चालेल. पण तो टोपी घालून निघाला आणि सगळ्यांच्या मागून चालू लागला. काकू त्याच्या बाजूला, मध्ये एक माणूस जाईल एवढं अंतर ठेवून.

वडील मूर्ती घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरले. देवाला सोडायच्या आधी तीन वेळा पाण्यात बुडवून वर घ्यायचं असतं. पहिल्याच बुडीला तो पाच फण्यांचा नाग मानेपासून सुटला आणि गपकन तळाला गेला. वर आला तो नुसता संत, दाढीवरून पाणी निथळत. आम्ही सगळे आत्याकडं बघायला लागलो. तेवढ्यात मागून एक आवाज आला, खोकल्यासारखा. म्हातारा हसत होता. काहीतरी म्हणालाही. काकूनं सांगितलं, "म्हणत्यात, शेवटी घालवला ह्येनं."

मग सगळेच हसले, आत्यासुद्धा, आणि हलगीला जोर चढला. तिसऱ्या बुडीला वडिलांनी हात सोडले. आम्ही पोरं नेहमीच्या सवयीनं ओरडलो, "हिरवेबाबा, पुढच्या वर्षी लवकर या." मोठ्यांनीही सूर धरला. चांगलं चार-पाचदा झालं.

म्हाताऱ्यानं काकूला विचारलं, ही मंडळी काय ओरडतायत. तिनं सांगितलं. तो म्हणाला, पाण्यात सोडताय आणि परत या म्हणताय? काकू म्हणाली, "निघालेल्या माणसाला आम्ही असंच म्हणतो."

त्यानं टोपी काढली. ती हातात फिरवत तो पाण्याकडं बघत राहिला. हलगीवाल्यानं सुद्धा काठी खाली घेतली. मग काकूकडं न बघताच म्हातारा बोलायला लागला. सावकाश, अडखळत, मध्येच थांबून. आल्यापासून काकू त्याचं अक्षर न अक्षर आम्हाला मराठीत करून सांगत होती, त्याला कडक चहा नको आहे इथपर्यंत. हे तिनं सांगितलं नाही. तिनं नुसता पदर तोंडावर धरला.

वडील पायरीवरून ओरडले, "काय म्हणालं पावणं?"

"म्हणत्यात," काकू पदराआडून म्हणाली, "मी त्या वेळी तुला परत ये म्हटलं न्हाई, त्ये मला गिळवत न्हाई. तुजी आई जाईपतूर मला सांगत हुती. आता माज्यासंगं चल. घरला चल, म्हणत्यात."

आत्या त्याच्याकडं बघतच राहिली. "म्हंजे ह्यो मुराळी म्हणून आलाय? पोरीला माहेराला न्याय? आन इतकं दिस मूग गिळून बसलावता?" ती डोळे पुसत होती आणि त्याच्यावर तापलीही होती. आमच्या आत्याला दोन्ही एका वेळी जमतं. वडील खालून म्हणाले, "जाऊ दे की मग. म्हशींचं मी बघतो." काकानं काही म्हणायला तोंड उघडलं, तर आत्यानं हातानं त्याला गप्प केलं.

ती म्हाताऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंत जेमतेम पोचत होती. तिनं त्याच्या कोटाची बाही धरली आणि त्याला मराठी कळतं अशा थाटात, मोठ्यानं सांगितलं, "न्या. चार म्हयनं ठेवा, माहेरपण करा. पर आणून सोडायची. आमची हाय ती."

काकू डोळे पुसून त्याला हे इंग्रजीत सांगायला वळली. तिनं तोंड उघडायच्या आतच म्हातारा आत्याकडं बघून म्हणाला, "व्हय."